डाव्या हाताची सुई

डावऱ्या काकूंना दूधवाल्याचा पहिल्यापासून संशय होता की तो दुधात पाणी घालतो. एखाद्या दिवशी दूध घट्ट आलं तर हा संशय मिटायचा नाही, उलट वाढायचा. आजच का नाही घातलं पाणी? नक्की काहीतरी मागायचं असणार मेल्याला. भाजीवाला हसून बोलला तर भाजी शिळी, आणि हसला नाही तर मापात पाप. घराबाहेर पडलं की निम्म्या रस्त्यातून परत फिरायचं, तीन मजले चढायचे आणि कुलूप ओढून बघायचं हा तर त्यांचा नेमच होता. काका, म्हणजे त्यांचे यजमान, बसवरचे निवृत्त ड्रायव्हर, खाली फाटकाशी वाट बघत उभे राहायचे. "डॉक्टर सगळ्यांना चालायला सांगतात," ते म्हणायचे, "आमच्याकडे ते काम कुलूप करतं."

अशा बाईच्या शिवणाला कोणीतरी हात लावला, आणि तोही त्यांच्याच घरात.

झालं असं, की दुपारची डुलकी काढून काकू उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दुपटं मांडीवर घेतलं. लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, पण सासरीच करायचं ठरलेलं. तिच्या बाळासाठी काकू हाताने दुपटं शिवत होत्या. वर लेकीच्या लहानपणीच्या फ्रॉकचे आणि काकांच्या जुन्या शर्टांचे चौकोन, खाली धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली सुती चादर, मध्ये आणखी दोन थर, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा, या कडेपासून त्या कडेपर्यंत ओळीने. कुठवर आलो होतो ते बघायला त्यांनी शेवटच्या ओळींवरून बोट फिरवलं आणि बोट जागच्या जागी थांबलं.

गाठ उजवीकडे होती.

काकू डावखुऱ्या. सगळं जग उजवीकडून डावीकडे टाके घालत जातं, काकू डावीकडून उजवीकडे. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक ओळीची सुरुवातीची गाठ डाव्या टोकाला. वसाहतीतली निम्मी पोरं काकूंच्या दुपट्यात लोळून मोठी झाली होती, आणि त्यातल्या एकाही दुपट्यात गाठ उजवीकडे नव्हती. म्हणून तर त्या डावऱ्या काकू. खुद्द काकांनाही बायकोचं खरं नाव रेशनकार्ड काढल्याशिवाय आठवत नसे, असं लोक म्हणायचे.

त्यांनी पुन्हा बोट फिरवलं. वीतभर पट्टा उसवून परत शिवला होता. टाके बारीक, एकसारखे, ओळ सरळसोट. काकूंच्या आजकालच्या टाक्यांपेक्षा कितीतरी चांगले. हे जास्त झोंबलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी काकूंनी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांना दिसत नव्हतं. म्हणजे अगदी आंधळं नाही, पण सगळं ताकातून बघितल्यासारखं. माणूस चालीवरून ओळखायचा, भाजी वासावरून, आणि टाका बोटावरून. दोरा ओवायचं काम त्या सकाळी उरकून घ्यायच्या. खिडकीत कोवळं ऊन आलं की दिवसभराच्या सगळ्या सुया ओवून टाचण्यांच्या छोट्या उशीला टोचून ठेवायच्या, मग एकेक संपवायची. कोणी बघितलं तर म्हणावं, काय नीटनेटकी बाई!

लपवायला कारण होतं. लेकीची सासू, म्हणजे विहीणबाई, मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. सरळ नाक, सरळ पाठ, सरळ बोलणं. नाकाने कांदे सोलणारी बाई, असं काकूंचं मत, आणि नाकही त्या कामाला पुरेल असंच. लेकीला पाचवा महिना असताना काकू तिकडे गेल्या होत्या, तेव्हा शेजारची एक म्हातारी काठी टेकत येऊन म्हणाली होती, बाळ झालं की मी मांडीवर घेणार हं. ती गेल्यावर विहीणबाई चहाचे कप उचलता उचलता बोलल्या, "ज्यांना धड दिसत नाही, त्यांच्या हातात आमच्याकडे बाळ देत नाहीत. वॉर्डात काय काय बघितलंय मी." आणि लेकीने मान डोलावली होती. आपल्याच लेकीने. काकूंनी त्या दिवशी तोंडाला कुलूप लावलं, आणि ते ओढूनही बघितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नातवंड हातात मिळेपर्यंत मूठ उघडायची नाही.

आणि आता कोणाच्या तरी हाताने ती मूठ उघडू पाहिली होती.

कोणाच्या? घरात माणसं तीन. मुलगा नोकरीसाठी परगावी, महिन्यातून एकदा यायचा. काकांना शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. एकदा प्रयत्न केला तेव्हा शर्ट पँटला शिवून बसले होते. राहिली सून.

सून लहान मुलांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कामाला. तपासणी विभागात. तयार झालेला कपडा खोक्यात जाण्याआधी तिच्या हाताखालून जायचा. सकाळची पाळी करून ती दुपारी घरी यायची, नेमकी काकूंच्या डुलकीच्या वेळेला. बोलायला कमी. विचारलं तेवढं सांगणार, आणि ताकास तूर लागू द्यायची नाही. काकूंच्या हिशोबात कमी बोलणारी माणसं दोन प्रकारची: एक मुकी, दुसरी कारस्थानी. सून मुकी नव्हती.

संध्याकाळी काकूंनी खडा टाकून बघितला.

"तुमच्या कारखान्यात हाताने शिवतात का गं?"

"नाही आई. सगळं मशीनवर."

"पण तुला येत असेल."

"येतं थोडं."

"थोडंच?"

"हो." आणि ती कांदा चिरायला लागली. कांदा नेहमीपेक्षा बारीक चिरला गेला, असं काकूंना आवाजावरून वाटलं.

झालं. काकूंनी सुतावरून स्वर्ग गाठला. इतके दिवस सून गप्प बसून बघत होती. तिला कळलंय. टाके वाकडे जातायत, ओळ सुटतेय, हे ती बघतेय आणि एकेक ओळ आपल्या हाताने भरतेय. म्हणजे बारशाला सगळ्यांसमोर हळूच म्हणायचं, खरं तर निम्मं मीच शिवलं, आईंना कुठे दिसतंय आता! विहीणबाईंचं नाक तर वरच होईल. सून लगेच लाडकी, आणि डावरी काकू कोपऱ्यातल्या खुर्चीत. बाळ या हातातून त्या हातात फिरणार आणि आपल्यापर्यंत येणारच नाही.

दुसऱ्या दिवशी डुलकी घेण्याआधी त्यांनी दुपट्याची घडी घातली आणि घडीवर एक निळा दोरा आडवा ठेवला, सहज पडल्यासारखा. निळा एवढ्यासाठी की तो रंग त्यांना अजून कळायचा. उठून बघतात तर घडी जशीच्या तशी, आणि दोरा जमिनीवर. पोरीने घडी तंतोतंत घातली होती. तपासणी विभागच तो.

तिसऱ्या दिवशी सुनेची पर्स सोफ्यावर होती. काकू कोणाची पर्स उघडणाऱ्यातल्या नव्हत्या. पण ती उघडीच होती. म्हणजे चेन तेवढी लावलेली होती. आत पास, कंगवा, डबा बांधायचं रबर, आणि तळाशी पुरचुंडीत बांधलेलं काहीतरी चपटं, गोल, जड. काकूंनी ते पुरचुंडीतून काढलं तर ते त्यांच्या हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याला खटकन चिकटलं. लोहचुंबक! ओढता ओढता जीव मेटाकुटीला आला.

"अहो," त्या काकांना गॅलरीत गाठून म्हणाल्या, "सुनेच्या पर्समध्ये लोहचुंबक आहे."

काका पेपर वाचत होते. "मग? तुझ्या डोक्यातले खिळे काढणार असेल."

"तुम्हाला सगळ्याची थट्टा. कुठेतरी पाणी मुरतंय, सांगून ठेवते."

"मुरू दे. वरच्या मजल्यावरचं आपल्या बाथरूममध्ये मुरतंय त्याचं आधी बघ." मग पेपर खाली घेऊन म्हणाले, "अगं, कावीळ झालेल्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं. पोरगी बरी आहे."

"बरी दिसते," काकू म्हणाल्या. दिसण्यावर आता त्यांचा भरवसाच राहिला नव्हता.

त्याच आठवड्यात फोन आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. काकूंनी देवाचे, डॉक्टरांचे आणि फोन करणाऱ्या जावयाचे एका दमात आभार मानले आणि लगेच सुई हातात घेतली. दुपट्याचा एक कोपरा आणि किनार तेवढी राहिली होती. जेवण झाल्यावर त्या रोजच्यासारख्या आडव्या झाल्या, पण डोळा लागू दिला नाही. लवकरच बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकली. मग काहीतरी सपाट वस्तू कापडावरून हळूहळू फिरवल्यासारखी खसखस. मग थांबली. मग कात्रीची अगदी बारीक कुच्च.

काकू उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. जेवणाच्या टेबलावर दुपटं पसरलेलं, त्यावर वाकलेली सून. चेहरा दिसत नव्हता, पण हातातली कात्री खिडकीच्या उजेडात चमकली.

"सापडलीस!"

सून इतकी दचकली की कात्री खाली पडली.

"आई, एक मिनिट, मी सांगते—"

"सांगायचं काय राहिलंय? रोज मी झोपले की माझं शिवण उसवतेस. माझे टाके तुला डोळ्यांत खुपतात होय? हे माझ्या नातीचं दुपटं आहे, तुझ्या कारखान्यातला माल नाही पास-नापास करायला!"

"तसं नाही आई. तुमचे टाके..." ती थांबली. काहीतरी तोंडापर्यंत आलं आणि तिने गिळलं. "मला फक्त आजचा दिवस द्या. हा शेवटचा भाग बघायचा राहिलाय."

"काय बघायचं राहिलंय?"

सून कात्री उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. काका झोपेतून उठून बनियनवर बाहेर आले होते. खरं बोलणाऱ्या माणसाला असा विचार करावा लागत नाही, हे काकूंना पक्कं माहीत होतं. त्यांनी दुपटं टेबलावरून ओढून घेतलं आणि छातीशी धरलं.

"याला परत हात लावशील तर बघ."

राहिलेला कोपरा आणि किनार त्यांनी त्याच दुपारी रागारागाने पुरी केली. मन जागेवर नसलं तरी डाव्या हाताला सवय होती. मध्येच जावयाचा फोन आला, उद्या सकाळीच दोघींना घरी सोडतायत म्हणून, मध्येच काका चहा घेऊन आले आणि काहीतरी समजुतीचं बोलायला लागले, तेव्हा त्यांच्यावरही वाफ निघाली. दुपटं पूर्ण झालं. काकूंनी ते गालावर घासून बघितलं. मऊ होतं.

दुसऱ्या दिवशी काका-काकू ते घेऊन लेकीच्या घरी गेले. सुनेला चल म्हणायला काकांनी तोंड उघडलं, पण काकूंनी बघितलं तसं मिटलं. लेक पलंगावर, बाजूला पाळण्यात झोपलेलं गाठोडं. काकू वाकल्या. ताकात एक गुलाबी ठिपका दिसला. त्यांचे हात आपोआप पुढे झाले.

"आत्ताच झोपलीय हो," विहीणबाई मागून म्हणाल्या. "पुढच्या वेळी घ्या."

पुढच्या वेळी! काकूंच्या मनात लगेच किडा वळवळला. कळलंय की काय यांना? पण लेक दुपटं उलगडून बघत होती, आणि फ्रॉकचा चौकोन सापडल्यावर तिचा आवाज ओला झाला. "आई, हा माझा चेरींचा फ्रॉक! तू ठेवला होतास?" विहीणबाईंनी दुपटं हातात घेऊन उलटसुलट केलं, किनार ताणून बघितली. "काम सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "धुऊन घेते, मग वापरू."

परतीच्या बसमध्ये काकू धुमसत होत्या. माझ्या हातचं धुवायला काढणार! जसं काही रस्त्यावरून उचलून आणलंय.

"दुकानातलंही धुतात गं," काका म्हणाले.

"तुम्ही ब्रेक लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या शर्टाचं बटण लावायला काकूंनी सुयांची उशी घेतली. त्यावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. आपली सुई नव्हती.

बाकीच्या सुया होत्या, बाजारातल्या. पण काकूंची म्हणून एक खास सुई होती, लग्नाच्या आधीपासूनची. वर्षानुवर्षं एकाच अंगठ्याने एकाच बाजूला ढकलून ती किंचित वाकली होती, धनुकलीसारखी. उजव्या हाताच्या बायकांच्या सुया ज्या बाजूला वाकतात त्याच्या बरोबर उलट्या बाजूला. शेवटचं काम, किनारीचं काम, त्या नेहमी याच सुईने करायच्या. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते हे: चोरली. सूड उगवला.

"माझी सुई कुठाय?" सून कामावर जायला चप्पल घालत होती, तिला त्यांनी दारात अडवलं. "वाकलेली. तू घेतलीस?"

सुनेने चप्पल काढली. "आई, ती कधीपासून नाहीये?"

"मला काय विचारतेस?"

"आई." असा आवाज त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "शेवटचा कोपरा कोणत्या सुईने शिवलात?"

काकूंचं बोट पुन्हा उशीवर गेलं. सून आत गेली आणि गोळ्यांची एक रिकामी डबी घेऊन आली. काकूंचा हात धरून तिने डबी त्यांच्या तळव्यावर उपडी केली. अख्खी सुई. आणखी एक, दोऱ्यासकट. एक टाचणी. आणि तांदळाच्या कणीएवढं एक मोडकं टोक.

"हे सगळं दुपट्यात होतं," सून म्हणाली. "घडी घालताना एकदा माझ्या हाताला टोचलं, तेव्हा कळलं. तुम्ही दोरा संपला की सुई थरात खोचून ठेवता आणि दुसरी घेता. मग ती... राहून जाते. आमच्याकडे सुई मोडली तर मशीन बंद करतात, आई. सगळे तुकडे सापडल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही. लहान मुलांचे कपडे असतात ना. म्हणून मी तिथलं चुंबक मागून आणलं."

"मग मला सांगायचं!"

"काय सांगू? तुम्ही सकाळी उन्हात सगळ्या सुया ओवून ठेवता, ते मी रोज बघते. आमटीत मीठ दोनदा पडतं, तेही. तुम्हाला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मग मीच कशी बोलू?" तिचा आवाज फाटला. "परवा बोलायला हवं होतं. चूक झाली माझी. मला वाटलं, दुपटं द्यायला अजून वेळ आहे."

काकूंच्या तळव्यावर त्या चार वस्तू होत्या. शरमेने त्यांचे कान तापले. एवढी शरम त्यांना जन्मात वाटली नव्हती, आणि तिच्या मागोमाग भीती आली, जी शरमेपेक्षा मोठी होती. पाळण्यातला तो गुलाबी ठिपका.

"अगं, ही बघ!" काका जिन्यावरून धापा टाकत आत आले. ते कधी बाहेर गेले हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्यांनी सोफ्याच्या फटीत हात घालून काढला आणि वर धरला. "इथेच होती! काखेत कळसा नि गावाला वळसा. उगाच पोरीला घाबरवलंत सगळ्यांनी."

सून मटकन खुर्चीत बसली. "बरं झालं, देवा."

काकूंनी हात पुढे केला. काकांनी सुई दिली. काकूंनी ती अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून हळूच फिरवली. सुई गरगर फिरली. कुठेही अडखळली नाही.

"ही माझी नाही."

"अगं तुझीच. बघ तरी नीट—"

"ही सरळ आहे. माझी फिरत नाही, डुगडुगते." त्यांनी काकांच्या शर्टाच्या खिशावर हात मारला. आत कागद कुरकुरला. सुयांची नवी पुडी. कोपऱ्यावरच्या दुकानातली.

काका खाली बघत म्हणाले, "त्या मेट्रनबाईंसमोर तुला मान खाली घालायला लागू नये म्हणून."

"आणि माझ्या नातीला टोचली असती म्हणजे?"

"मी तिकडे जाऊन दुपटं आणणारच होतो, काहीतरी निमित्त काढून..."

जन्मभराच्या संशयांतला हा एक संशय काकूंच्या कामी आला होता, पण खूश व्हायला वेळ नव्हता. "फोन लाव," त्या सुनेला म्हणाल्या.

लेकीने पहिल्याच घंटेला उचलला. "अगं आई, आत्ता तुझंच नाव काढलं होतं! दुपटं धुऊन वाळलं बघ. कसलं मऊ झालंय. आता तिला त्यावरच ठेवतेय."

"ठेवू नकोस!"

"का?"

एक क्षण होता. रंग जातो म्हणून, असं म्हणता आलं असतं. कापडाला काहीतरी लागलंय, विसरलेच सांगायला. दहा कारणं जिभेवर रांगेत उभी राहिली, आणि काकूंना खोटं चटकन सुचायचं, कारण दुसऱ्याचं पकडण्यात त्यांचा हात बसलेला होता. पण खोटं ऐकून लेक दुपटं नुसतं बाजूला ठेवेल, आणि मग कोणीतरी दुसरंच उचलेल.

"मला दिसत नाही गं," काकू म्हणाल्या. "बरेच दिवस झाले, दिसत नाही. त्यात माझी सुई राहिलीय. बाळाला लांब ठेव. दुपटं टेबलावर ठेव आणि कोणाला हात लावू देऊ नकोस. आम्ही येतो."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग विहीणबाईंचा सरळ आवाज आला. "या. मी ठेवलंय बाजूला."

रिक्षात तिघं होते, मध्ये काकू. एका वळणावर काकूंनी सुनेचा हात धरला तो वळण संपल्यावरही सोडला नाही.

विहीणबाईंनी टेबल आधीच पुसून ठेवलं होतं. सुनेने दुपटं पसरलं आणि चुंबक काढलं. कडेपासून, ओळीने, सावकाश. पहिली बाजू. दुसरी. लेक बाळाला घेऊन लांब भिंतीशी उभी. काका सारखे चष्मा पुसत होते. चेरींच्या फ्रॉकच्या चौकोनाजवळ, शेवटच्या कोपऱ्यात, किनारीच्या घडीखाली, टिक् असा आवाज झाला.

सुनेने चार टाके उसवले आणि सुई काढून काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती बोटांत फिरवली. डुगडुगली.

"हीच," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. उसवलेल्या कोपऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं, मग सुई सुनेपुढे धरली. "तू शिव."

सुनेने सुई घेऊन बघितली. "ही मला चालायची नाही आई. उलटी वाकलीय."

काकांनी खिशातून पुडी काढली. "सरळ आहेत," ते ओशाळून म्हणाले. "कालच्याही नाहीत, आजच्याच."

लेक हसली, आणि मग डोळे पुसले. सून उजवीकडून डावीकडे कोपरा शिवत गेली. विहीणबाईंनी काकूंची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला, दोन्ही डोळ्यांत नीट बघितलं, आणि वॉर्डात बोलावं तसं म्हणाल्या, "मोतीबिंदू. चांगला पिकलाय. काढता येतो. इतके दिवस काय लोणचं घालत होतात?"

"तुम्ही म्हणाला होतात," काकूंच्या तोंडून निघून गेलं, "ज्यांना दिसत नाही त्यांच्या हातात बाळ देत नाही."

विहीणबाईंना आठवायला वेळ लागला. मग त्यांनी लेकीच्या हातातून बाळ घेतलं. "ज्यांना दिसत नाही आणि जे सांगत नाहीत, त्यांच्या," त्या म्हणाल्या. "मागे टेकून बसा. हात असा. डोक्याखाली."

काकूंच्या डाव्या हातावर डोकं आलं. केवढंसं. कोमट. त्या वाकल्या, आणखी वाकल्या, पण दिसायचं ते तेवढंच दिसलं.

"कोणासारखी आहे?"

"अगदी तुझ्यासारखी," लेक म्हणाली.

"डिट्टो आजी," काका म्हणाले.

काकूंनी दोघांचे आवाज ऐकले आणि मान हलवली. "तुम्ही दोघं मला बरं वाटावं म्हणून बोलताय. अगं," त्यांनी टेबलाकडे तोंड केलं, "तू सांग."

सुनेने दोरा दातांनी तोडला, सुई पुडीत खोचली, पुडी बंद केली आणि मगच जवळ आली. तपासणी विभागात बघतात तसं तिने बाळाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कान ताईंचे आहेत," ती म्हणाली. मग थोडी अडखळली. "पण नाक ताईंच्या सासूबाईंचं आहे, आई. सरळ."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"असेल," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी ते तपासून बघितलं नाही.